गाड्याबरोबर नळ्याची यात्रा : सात विमानं आणि एक कायदा

जुलै 2009 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एकाच विधेयकावर, एकाच आठवड्यात दोन भांडणं चालली होती. पहिलं भांडण, आणखी सात लढाऊ विमानं घ्यायची की नाहीत. दुसरं, एखाद्याला तो 'कोण आहे' म्हणून मारलं तर तो वेगळा गुन्हा मानायचा की नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय? काडीचाही नाही. तरी दोन्ही विषय एकाच गाठोड्यात बांधले गेले. 28 ऑक्टोबर 2009 ला ओबामांनी सही केली तेव्हा 68 हजार कोटी डॉलरच्या संरक्षण कायद्याच्या पोटात एक द्वेषगुन्ह्यांचा कायदाही होता.

आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.

हे आज लिहावंसं वाटतंय कारण आपल्याकडे कुठलाही वाद पेटला की दोन ठरलेली वाक्यं कानावर पडतात. एक, 'देशाच्या संरक्षणात राजकारण आणू नका'. दुसरं, 'कायदा सगळ्यांना सारखा, मग अमक्यांसाठी वेगळा कायदा कशाला?' ही दोन्ही वाक्यं तिथेही बोलली गेली होती. बोलणारी माणसं प्रत्यक्ष मतदानाच्या वेळी कुठे उभी राहिली, ते बघण्यासारखं आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी गाडा समजून घेऊ. अमेरिकेत संरक्षण खात्याचं एक वार्षिक विधेयक असतं. सैनिकांचे पगार, भत्ते, शस्त्रं, चालू युद्धं, सगळ्याला मंजुरी त्यात. 1961 पासून एकही वर्ष न चुकता ते पास होत आलंय. सैनिकांच्या पगाराच्या विरोधात मत दिलं असं पुढच्या निवडणुकीत कोणाला ऐकून घ्यायचंय? त्यामुळे ही गाडी मुक्कामाला पोचणार याची सगळ्यांना खात्री, आणि म्हणून ज्याला त्याला आपलं बोचकं तिच्यावर टाकायचं असतं. सिनेटच्या नियमात अशा वेळी विषय सोडून दुरुस्ती आणता येते. राष्ट्राध्यक्षाला त्यातला नको तो भाग खोडता येत नाही. क्लिंटन यांना तसा अधिकार काही काळ मिळाला होता, पण 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. घ्या तर सगळं घ्या, नाहीतर सगळं परत पाठवा.

(आपण हसायचं कारण नाही. निवडणूक रोख्यांची वाट 2017 च्या फायनान्स अ‍ॅक्टमधूनच काढली गेली होती, आणि त्याच कायद्यात अनेक न्यायाधिकरणांची मोडतोडही होती. रोखे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2024 मध्ये रद्द केले. असो.)

आता विमान. एफ-22 रॅप्टर. याची कल्पना 1980 च्या दशकातली, सोव्हिएत विमानांशी आकाशात समोरासमोर लढण्यासाठी. एप्रिल 1991 मध्ये लॉकहीडचं डिझाइन निवडलं गेलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनच उरलं नाही. शत्रू गेला, विमान राहिलं. सुरुवातीला साडेसातशे घ्यायची होती, आकडा खाली खाली येत गेला. डिसेंबर 2005 मध्ये ते हवाई दलात दाखल झालं. इराक आणि अफगाणिस्तान, दोन युद्धं चालू होती, आणि 2009 पर्यंत यातल्या एकाही युद्धात एफ-22 उडालं नव्हतं.

एप्रिल 2009 मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी जाहीर केलं की 187 वर थांबायचं. हे गेट्स म्हणजे बुश यांनी नेमलेले मंत्री, ओबामांनी त्यांनाच ठेवलं होतं. म्हणजे 'डाव्यांना सैन्य नकोय' हा आरोप इथे चिकटत नव्हता. संरक्षणमंत्रीच सांगतोय, आम्हाला हे विमान आणखी नको.

तरी जूनमध्ये सिनेटच्या सशस्त्र दल समितीने 13 विरुद्ध 11 मतांनी सात विमानं पुन्हा यादीत घातली. किंमत 175 कोटी डॉलर. भागाकार करा, एका विमानाला 25 कोटी डॉलर. तेव्हाच्या 48 रुपयांच्या डॉलरने साधारण बाराशे कोटी रुपये. दुरुस्ती आणणारे सॅक्सबी चॅम्ब्लिस जॉर्जियाचे, आणि विमानाची अंतिम जुळणी जॉर्जियातल्या मॅरिएटामध्ये. कंपनीचा दावा होता की सुटे भाग 44 राज्यांतून येतात आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष 95 हजार नोकऱ्या यावर आहेत. 50 पैकी 44 राज्यं! हा योगायोग नसतो. विमान आकाशात कमी आणि मतदारसंघात जास्त उडावं अशीच त्याची मांडणी असते.

आम्हा नाशिककरांना हे गणित नव्याने शिकवायला नको. 1963 ला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि 1964 मध्ये मिग-21 चा कारखाना ओझरला आला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. या वाटणीला तांत्रिक कारणं असतीलही, पण जुनी मंडळी आजही 'चव्हाणसाहेबांनी आणला' असंच म्हणतात आणि त्यात कौतुकच असतं. एचएएलमध्ये चिकटला म्हणजे पोराचं लग्न ठरल्यात जमा, असे दिवस होते इथे. त्यामुळे मॅरिएटाच्या कामगाराला मी नावं ठेवणार नाही. त्याच्या घराचा हप्ता त्या सात विमानांवर होता. माझा राग आहे तो 'नोकऱ्या' या शब्दाला 'राष्ट्रसुरक्षा' असं नाव देणाऱ्यांवर. नोकऱ्यांसाठी घेताय तर तसं सांगा, मग त्याच पैशात शाळा, पूल, दवाखाने बांधून किती नोकऱ्या होतात याचाही हिशेब मांडता येतो.

आता नळा. इथे थोडं थांबून लिहायला हवं.

7 जून 1998. टेक्सासमधलं जॅस्पर नावाचं छोटं गाव. जेम्स बर्ड ज्युनियर, वय 49, कृष्णवर्णीय. तीन गोऱ्यांनी त्याला पिकअपमध्ये बसवून घेतलं, मारहाण केली, आणि मग घोट्यांना साखळी बांधून गाडीमागे सुमारे तीन मैल फरफटत नेलं. यापुढचं वर्णन मी लिहीत नाही.

चार महिन्यांनी, ऑक्टोबरात, वायोमिंग राज्यातलं लॅरमी. मॅथ्यू शेपर्ड, वय 21, तिथल्या विद्यापीठातला विद्यार्थी, समलिंगी. दोन तरुणांनी त्याला बारमधून गाडीतून गावाबाहेर नेलं, पिस्तुलाच्या दस्त्याने डोकं फोडलं, आणि लाकडी कुंपणाला बांधून निघून गेले. कडाक्याच्या थंडीत तो तिथे सुमारे 18 तास होता. तिथून जाणाऱ्या एका सायकलस्वाराला आधी वाटलं, कुणीतरी बुजगावणं बांधून ठेवलंय. 12 ऑक्टोबरला तो हॉस्पिटलमध्ये गेला.

दोन्ही प्रकरणांत आरोपी सापडले, दोषी ठरले. जॅस्परच्या तिघांपैकी दोघांना मृत्युदंड आणि एकाला जन्मठेप, लॅरमीच्या दोघांना जन्मठेप. विरोधकांचा सर्वात जोरकस मुद्दा इथूनच यायचा, की आहे त्या कायद्याने शिक्षा झालीच ना? मग नवा कायदा कशासाठी?

मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोष्ट निसटते, ती म्हणजे पैशांची. अमेरिकेत पोलीस हा स्थानिक मामला. छोट्या काउंटीचा शेरीफ म्हणजे मोजकी माणसं आणि तुटपुंजं बजेट. जॅस्परला केंद्राची मदत मिळू शकली, कारण खून वंशद्वेषातून झाला होता. 1968 च्या नागरी हक्क कायद्यात वंश, रंग, धर्म आणि मूळ देश या कारणांवरचे हल्ले केंद्राच्या कक्षेत होते. लॅरमीला अशी मदत मिळाली नाही, कारण लैंगिक कल हे कारण त्या यादीतच नव्हतं. तपास आणि खटल्याचा खर्च सुमारे दीड लाख डॉलर झाला आणि तो भागवायला तिथल्या शेरीफ कार्यालयाला आपल्या पाच कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवावं लागलं.

दीड लाख डॉलर! एका एफ-22 च्या किमतीत अशी सोळाशे प्रकरणं लढवून झाली असती.

शिवाय 1968 च्या कायद्यालाही एक विचित्र अट होती. हल्ला झाला तेव्हा ती व्यक्ती मतदान, सरकारी शाळा, ज्युरीचं काम, हॉटेलसारखी सार्वजनिक जागा अशा ठरावीक सहा गोष्टींपैकी काहीतरी करत असली पाहिजे. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाला मतदान केंद्रावर मारलं तर केंद्राचा गुन्हा, त्याच्याच गल्लीत मारलं तर नाही. चाळीस वर्षं ही अट तशीच राहिली.

ती काढून टाकायचा आणि यादीत लिंग, लैंगिक कल, अपंगत्व घालायचा प्रयत्न एडवर्ड केनेडी यांनी 1997 पासून चालवला होता. म्हणजे हे दोन खून होण्याच्याही आधी. नंतर मॅथ्यूची आई जुडी शेपर्ड वॉशिंग्टनला खेपा घालू लागली. बर्ड यांचं कुटुंबही बोलू लागलं. टेक्सासमध्ये 1999 ला जेम्स बर्ड यांच्या नावाने राज्याचा कायदा आला, तो तिथल्या सिनेटमध्ये अडला. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश त्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत. 2001 मध्ये, बुश वॉशिंग्टनला गेल्यावर, पुढच्या गव्हर्नरने, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्याच रिक पेरी यांनी त्यावर सही केली.

केंद्रात मात्र तोच खेळ पुन्हा पुन्हा. सिनेटने 2000 मध्ये हे कलम संरक्षण विधेयकाला जोडलं, संयुक्त समितीत ते गळालं. 2004 मध्ये पुन्हा जोडलं, 65 विरुद्ध 33 अशा भरघोस मतांनी, पुन्हा गळालं. 2007 ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तेव्हा दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत होतं, सिनेटने कलम जोडलं, बुश यांनी नकाराधिकाराची धमकी दिली. पण बोट बुडाली ती आपल्याच माणसांमुळे. इराक युद्धाला पैसे देणारं विधेयक म्हणून युद्धविरोधी डेमोक्रॅट त्याला मत द्यायला तयार नव्हते, आणि कलमामुळे रिपब्लिकन तयार नव्हते. बहुमत जुळेना. शेवटी नळा काढून टाकला आणि गाडा पुढे गेला.

ही कोंडी मला या सगळ्या कथेत सर्वात जास्त अस्वस्थ करते. कल्पना करा, तुम्ही आयुष्यभर युद्धाच्या विरोधात बोललात. आता द्वेषाच्या बळींसाठी कायदा हवा असेल तर त्याच कागदावर युद्धाच्या पैशालाही सही करायची. एकाला न्याय देण्यासाठी तिसऱ्याच देशातल्या कुणाच्या तरी डोक्यावर पडणाऱ्या बॉम्बला होकार. यात 'शुद्ध' मत कुठलं, मला सांगता येत नाही.

तर जुलै 2009. ओबामा निवडून आलेले, सिनेटमध्ये डेमोक्रॅट साठच्या घरात. संरक्षण विधेयक चर्चेला आलं. सशस्त्र दल समितीचे अध्यक्ष कार्ल लेव्हिन, डेमोक्रॅट. त्यांच्याच समितीने त्यांच्या मताविरुद्ध सात विमानं घातली होती, ती काढायची दुरुस्ती त्यांनी आणली. सोबतीला कोण? जॉन मॅकेन! आठ महिन्यांपूर्वी ओबामांकडून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले मॅकेन. 13 जुलैला ओबामांनी पत्र पाठवलं, सात विमानं ठेवलीत तर विधेयक परत पाठवीन.

आणि मग विमानांचं मतदान होण्याआधीच मध्ये द्वेषगुन्ह्यांची दुरुस्ती आली. मॅकेन भडकले. त्यांचं म्हणणं, सैनिक दोन युद्धांत लढतायत आणि तुम्ही त्यांच्या विधेयकावर असंबद्ध विषय लादताय, हा विषय स्वतंत्रपणे आणा, त्यावर स्वतंत्र मत घ्या. म्हणजे एकाच आठवड्यात हा माणूस लेव्हिन यांचा एका दुरुस्तीत भागीदार आणि दुसरीत कट्टर विरोधक.

मॅकेन यांचा आक्षेप मी टाकाऊ मानत नाही. कायदा त्याच्या नावाने, त्याच्या गुणांवर पास व्हावा हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण कनिष्ठ सभागृहाने 29 एप्रिल 2009 ला हा कायदा स्वतंत्र विधेयक म्हणून, 249 विरुद्ध 175 मतांनी पास केला होता. सिनेटमध्ये स्वतंत्रपणे आणायचा तर अल्पमतवाल्यांनी तो आठवडेच्या आठवडे रेंगाळत ठेवला असता. समोरचं दार अडवून ठेवायचं आणि वर मागच्या दाराने का आलात विचारायचं, हेही खरं.

16 जुलैला चर्चा थांबवण्याचा ठराव 63 विरुद्ध 28 मतांनी मंजूर झाला, 60 लागत होती. दुरुस्ती जोडली गेली. 21 जुलैला विमानांचं मतदान, 58 विरुद्ध 40, सात विमानं बाहेर.

त्या 40 मध्ये कोण होते बघा. कनेक्टिकटचे ख्रिस डॉड, विमानाचं इंजिन त्यांच्या राज्यात बनायचं. वॉशिंग्टन राज्याच्या पॅटी मरे, बोइंगचा त्यात वाटा. कॅलिफोर्नियाच्या बार्बरा बॉक्सर आणि डायान फाइनस्टाइन. सगळे ओबामांच्या पक्षाचे, उदारमतवादी म्हणून नावाजलेले, द्वेषगुन्ह्यांच्या कायद्याचे समर्थक. आणि विमानाच्या बाबतीत आपापल्या कारखान्याचे खासदार. मला यात दोघांचीही थट्टा करायची नाही. पण 'तत्त्व' हा शब्द कुठे वापरायचा आणि 'मतदारसंघ' कुठे, हे त्या पाच दिवसांत लख्ख दिसतं. विमानाच्या मागे 44 राज्यांतले पुरवठादार उभे होते. कायद्याच्या मागे दहा वर्षं काही संघटना आणि एक आई उभी होती.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. 22 जुलैला त्याच विधेयकावर तिसरं बोचकं आलं. एका राज्यात लपवून बंदूक बाळगायचा परवाना असेल तर तो इतर बहुतेक राज्यांतही चालावा, अशी रिपब्लिकन सिनेटर जॉन थून यांची दुरुस्ती. 58 विरुद्ध 39. साठ हवी होती, दोन मतं कमी पडली. म्हणजे ज्या दारातून द्वेषगुन्ह्यांचा कायदा आत आला, त्याच दारातून सहा दिवसांनी बंदुका आत येता येता राहिल्या. मागच्या दाराचं कौतुक करणाऱ्यांनी हे 58 लक्षात ठेवावं.

आता मूळ प्रश्नाकडे. हेतूला वेगळी शिक्षा द्यावी का? विरोधक म्हणायचे, हा तर 'विचारांना शिक्षा' देणारा कायदा. चर्चमधल्या पाद्र्याने समलिंगी संबंध पाप आहे म्हटलं तर त्यालाही आत टाकाल. ही भीती कागदावर तरी टिकत नाही, कारण कायद्यात गुन्हा होता तो शारीरिक इजा करण्याचा, बोलण्याचा नव्हे, आणि अभिव्यक्तीला हात लागणार नाही असं त्यात स्वतंत्रपणे लिहिलंही गेलं. शिवाय हेतू कायदा नेहमीच बघतो. माणूस चुकून गाडीखाली आला आणि मुद्दाम गाडी घातली, यात आपण फरक करतोच की.

पण मला पटलेलं उत्तर वेगळं आहे आणि ते आपल्याच लोकांच्या कहाणीतून येतं. 1987 साली न्यू जर्सीत, जर्सी सिटी आणि होबोकेन भागात, 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी तरुणांची टोळकी होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. भारतीयांना इथून हाकलून लावू, अशा धमकीचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्या सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या पारशी बँक अधिकाऱ्याला जमावाने इतकं मारलं की चार दिवसांनी तो गेला. शिक्षा झाल्या त्या खुनासाठी नव्हे, मारहाणीसाठी, आणि द्वेषाचा मुद्दा खटल्यात आलाच नाही. वाद असा होता की पोरांचं भांडण होतं, त्यात द्वेष कसला. पण त्या महिन्यात जर्सी सिटीतल्या बायका घराबाहेर पडताना टिकली काढून ठेवत होत्या. मारला एक जण गेला, कपाळं शेकडो पुसली गेली. म्हणून असा गुन्हा वेगळा. तो एकाला मारून बाकीच्यांना निरोप देतो. 1990 मध्ये न्यू जर्सीने याबद्दल राज्याचा कायदा केला, त्यामागे हा सगळा रेटा होता.

आज न्यू जर्सीत मराठी माणूस किती आहे हे मी सांगायला नको. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या सुना-लेकी तिकडे हळदीकुंकू करतात, कपाळावर टिकली लावून मॉलमध्ये जातात. 'अल्पसंख्याकांचे लाड' हा शब्द इथे बसून वापरताना, तिकडे आपण अल्पसंख्याक आहोत हे किती जणांच्या डोक्यात असतं कोण जाणे.

आणि हेतू सिद्ध करणं किती अवघड, ते महाराष्ट्राने खैरलांजीत पाहिलंय. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या. 2008 मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप सुनावली. शिक्षा कडक, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही असं ठरलं. जातीच्या कारणावरून हे झालं, हे निकालात आलं नाही. तेव्हा 'शिक्षा झाली ना, मग अजून काय हवं?' हा प्रश्न इथेही विचारला गेला होता. ज्यांना अजून काहीतरी हवं होतं, त्यांना का झालं हे कुणीतरी लिहून हवं होतं. आपल्याकडे 1989 चा कायदा होता म्हणून निदान तो लागू होतो की नाही यावर भांडता तरी आलं. लॅरमीत 1998 ला भांडायलाही काही नव्हतं.

ऑक्टोबरात संयुक्त समितीने मसुदा पक्का केला. या वेळी नळा गळाला नाही. सिनेटमध्ये द्वेषगुन्ह्यासाठी मृत्युदंड असावा अशी दुरुस्ती आली होती, ती काढली. सैनिकांवर ते सैनिक आहेत म्हणून हल्ला केल्यास तो केंद्राचा गुन्हा, ही दुसरी दुरुस्ती मात्र राहिली. म्हणजे 'विशिष्ट गटासाठी वेगळा कायदा नको' म्हणणाऱ्या बाजूनेच एका विशिष्ट गटासाठी वेगळं कलम आणलं होतं. मला त्या कलमाबद्दल तक्रार नाही, फक्त नोंद करतो.

8 ऑक्टोबरला कनिष्ठ सभागृहात 281 विरुद्ध 146. विरोधातल्या 146 पैकी 131 रिपब्लिकन. दरवर्षी संरक्षण विधेयकाला डोळे झाकून हो म्हणणारा पक्ष, दोन युद्धं चालू असताना, सैनिकांचे पगार ज्यात होते त्या विधेयकाच्या विरोधात गेला. आणि इराक युद्धाला विरोध करून निवडून आलेल्या अनेक डेमोक्रॅटनी युद्धाच्या सुमारे 13 हजार कोटी डॉलरना मान्यता दिली. 'संरक्षणात राजकारण नको' हे वाक्य त्या दिवशी दोन्ही बाकांवर बेवारस पडलं होतं. 22 ऑक्टोबरला सिनेटमध्ये 68 विरुद्ध 29.

केनेडी हे बघायला नव्हते. 25 ऑगस्टला ते गेले.

कायद्यात काय मिळालं? ती सहा गोष्टींची अट गेली. लिंग, लिंगओळख, लैंगिक कल, अपंगत्व यादीत आलं. आणि छोट्या पोलीस खात्यांना तपासासाठी अनुदान, एका ठिकाणाला वर्षाला जास्तीत जास्त एक लाख डॉलर. सबंध देशासाठी तरतूद वर्षाला 50 लाख डॉलर, तीन वर्षांपुरती. पुन्हा भागाकार करा, एका एफ-22 च्या पैशात हे अनुदान पन्नास वर्षं चाललं असतं. 68 हजार कोटींच्या कायद्यात ज्या कलमावर सर्वात जास्त आरडाओरड झाली, त्याची ही किंमत.

ओबामांची विमानांवरची फुशारकीही पूर्ण खरी नव्हती. एफ-35 साठी दुसरं पर्यायी इंजिन त्यांच्या प्रशासनाला नको होतं, त्यावरही नकाराधिकाराची भाषा झाली होती. अंतिम कायद्यात त्यासाठी 56 कोटी डॉलर शाबूत राहिले आणि ओबामांनी सही केली. आता गाड्यावर त्यांना हवा असलेला नळा होता, मग परत कशाला पाठवतील? ते इंजिन पुढे 2011 मध्ये बंद पडलं.

मी तिथे असतो तर हो म्हणूनच मत दिलं असतं, हे सांगून टाकतो. आनंदाने नाही. पण बारा वर्षं समोरचं दार ठोठावून झाल्यावर मागच्या दाराने आलेल्याला परत पाठवणं मला जमलं नसतं.

पुढचं थोडक्यात. या कायद्याखालची पहिली शिक्षा 2011 मध्ये आर्कान्सात झाली, पाच हिस्पॅनिक माणसांच्या गाडीचा पाठलाग करून ती रस्त्याबाहेर घालवल्याबद्दल. ऑगस्ट 2012 मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात गोळीबार झाला, सहा जण गेले. तोवर एफबीआयच्या फॉर्ममध्ये शीख किंवा हिंदू म्हणून झालेल्या हल्ल्याची नोंद करायला रकानाच नव्हता, तो 2015 पासून आला. वायोमिंगने स्वतःचा द्वेषगुन्ह्यांचा कायदा अजूनही केलेला नाही.

एफ-22 पहिल्यांदा लढाईत उतरलं ते सप्टेंबर 2014 मध्ये सीरियात, जमिनीवरच्या लक्ष्यांवर बॉम्ब टाकायला. हवेत त्याने पहिली शिकार केली 4 फेब्रुवारी 2023 ला, साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ. ते होतं चीनचं एक फुगा-यान.

मॅथ्यू शेपर्डच्या अस्थी वीस वर्षं घरच्यांनी कुठेच ठेवल्या नव्हत्या, कुणी जागेची विटंबना करेल या भीतीने. 26 ऑक्टोबर 2018 ला त्या वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या.